कीटकनोंदीतील अवस्थेचे स्थान : दिग्रसच्या कपाशीवरून एक विवेचन

हौशी निरीक्षकांनी केलेल्या कीटकनोंदींत स्थळ, दिनांक व कीटकाचे नाव ही तीन अंगे बहुधा असतात. कीटकाची अवस्था हे चौथे अंग मात्र पुष्कळदा गाळले जाते. हे अंग खरोखरच गौण आहे काय, हे एका उदाहरणावरून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसचा परिसर कपाशीचा आहे. तेथून ‘कपाशीवर गुलाबी बोंडअळी, एक’ अशी नोंद आली असे समजा. निरीक्षकाने नेमके काय पाहिले? सापळ्यातील पतंग, पात्यावरील अंडे, बोंडातील अळी, की पालापाचोळ्यातील कोष? चौहोंनाही हेच नाव लागू पडते. परंतु चौहोंचा अर्थ अगदी भिन्न आहे.

या संदिग्धतेस आपली भाषाही काही अंशी कारण आहे. बोंडअळी, घाटेअळी, हुमणी ही नावे पिकाची नासाडी करणाऱ्या अवस्थेवरून पडली आणि तीच पुढे संपूर्ण जातीची नावे झाली. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर व बाभळीवर जमणारा भुंगेरा आणि जमिनीत मुळे कुरतडणारी हुमणी हे एकाच कीटकाचे दोन अवतार होत. म्हणून मराठीत नोंद करणाऱ्याने ‘अळी’ हा शब्द नावात आला, एवढ्यावरून अवस्था सांगितली गेली असे मानू नये.

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स याने 1843 साली केले, तेही भारतातील कपाशीवर मिळालेल्या नमुन्यांवरून. हिचा पतंग निशाचर असतो. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखे आमिष असल्यामुळे त्यात केवळ नर सापडतात. सापळ्यातील पतंगावरून नर उडत आहेत एवढेच कळते. बोंडे किडली की नाही, हे कळत नाही. अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी असते व वाढीच्या उत्तरार्धातच तिला गुलाबी छटा येते. त्यामुळे रंगावर विसंबणारा निरीक्षक लहान अळी हटकून चुकवितो. ती फुलात शिरल्यास पाकळ्या आतून गुंफल्या जाऊन डोमकळी होते. बोंडात शिरल्यावर प्रवेशाचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निर्दोष दिसते. हंगामाच्या अखेरीस पूर्ण वाढलेली अळी दोन सरक्या जोडून त्यांत सुप्तावस्थेत राहू शकते. यास्तव हिवाळ्यात पऱ्हाटीवरील किडक्या बोंडात मिळालेल्या एका अळीची नोंद पुढील हंगामाची सूचना ठरते. फरदड का घेऊ नये, याचे उत्तरही तीतच आहे.

अवस्थेवर उपाय अवलंबून असतो. सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग सापडणे, हा एक इशारा; 20 हिरवी बोंडे फोडली असता दोहोंत अळी मिळणे, म्हणजे 10 टक्के प्रादुर्भाव, हा दुसरा. दोन्ही आकडे ‘बोंडअळी’ या एकाच रकान्यात मिसळले, तर दोन्ही निरर्थक होतात. शिवाय बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. 2017 साली महाराष्ट्रात या किडीचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध सरळ जोडता येणार नाही. तथापि अनावश्यक फवारणीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही, एवढे निश्चित.

अवस्थांची परिभाषा कीटकागणिक बदलते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पतंग, फुलपाखरे व भुंगेरे यांत अंडे, अळी, कोष व प्रौढ असा क्रम असतो. तुडतुडे व लाल ढेकण्या यांत कोष नसतो. पंख न फुटलेली पिल्ले कात टाकीत प्रौढ होतात. कपाशीच्या पानाखाली पिल्ले आढळली, तर तुडतुड्यांची पैदास त्याच शेतात होत आहे, असे अनुमान करता येते. उडता प्रौढ शेजारच्या शेतातूनही आलेला असू शकतो. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अळी प्रौढाहून इतकी निराळी दिसते की, कित्येकदा ती कीड समजून मारली जाते.

असे काम हौशी माणसांकडून होऊ शकते काय? उत्तर कानड्यात, म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यात, डेव्हिडसन (जिल्हाधिकारी), बेल (वनाधिकारी) व एटकेन (मीठ व जकात खाते) या तिघांनी फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवून त्यांचे कोष व खाद्यवनस्पती नोंदविल्या. त्यांचे लेखन 1896 पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कीटकशास्त्र हा त्यांच्यापैकी कोणाचाही व्यवसाय नव्हता. आज आयनॅचरलिस्टसारख्या जाळ्यावरील नोंदस्थळांत अवस्थेसाठी स्वतंत्र रकाना आहे. तो भरणे मात्र निरीक्षकाच्या इच्छेवर सोडलेले असते.

आपल्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात पुढील शिस्त पाळावी. जातीचे नाव व अवस्था वेगळी लिहावी. रिकामा कोष किंवा कात मिळाल्यास ती ‘खूण’ म्हणून नोंदवावी, जिवंत अवस्था म्हणून नव्हे. वनस्पती व तिचा भाग लिहावा. किती बोंडे फोडली, हे अळी न मिळाली तरी लिहावे. अवस्था ओळखता न आल्यास ‘अनिश्चित’ असे प्रांजळपणे लिहून छायाचित्र जोडावे. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा ती नोंद अधिक मोलाची होय.