संगणकावरील सातबारा : उतरवून घेणे व छापणे

पीककर्जाचा अर्ज घेऊन शेतकरी बँकेत जातो. सोबत सातबाराचा उतारा असतो. गट क्रमांक बरोबर, क्षेत्र बरोबर, छपाईही स्वच्छ. तरीही तो परत केला जातो. उतारा शासनाच्याच संकेतस्थळावरून काढलेला असतो, परंतु तो विनास्वाक्षरित असतो. शासकीय अथवा कायदेशीर कामासाठी तो वापरता येत नाही, अशी सूचना त्यावरच असते. एका दिवसाची मजुरी व एस. टी. चे भाडे फुकट जाते, आणि पेरणीची वेळ तर कोणासाठी थांबत नाही.

अशी संकेतस्थळे दोन आहेत, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी प्रथम समजावून द्यावे. ‘महाभूलेख’वर उतारा विनामूल्य पाहावयास मिळतो. नावे, क्षेत्र, बोजा व पिकांच्या नोंदी तपासण्यास तो पुरेसा आहे. कामकाजासाठी मात्र ‘डिजिटल सातबारा’ या संकेतस्थळावरील डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. त्याचे शुल्क १५ रुपये आहे. त्यावर तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, सही वा शिक्का लागत नाही; डिसेंबर २०२५ मध्ये शासनाने तसे स्पष्ट केले आहे.

पैसे भरण्यापूर्वी जुना उतारा समोर ठेवावा. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक या क्रमाने निवड करताना खुर्द आणि बुद्रुक यांची गल्लत फार होते. ती यंत्राच्या ध्यानात येत नाही. ते निमूटपणे शेजारच्या गावचा उतारा देते.

उतारा पीडीएफ स्वरूपाच्या फाइलमध्ये येतो. गावात नेटवर्क मंद असले म्हणजे काही वेळ लागतो; अशा वेळी पैसे भरण्याचे बटण पुन्हा दाबू नये. पैसे वजा होऊनही फाइल आली नाही, तर आधी त्याच संकेतस्थळावर भरणा झाल्याची नोंद पाहावी. उतरलेली फाइल बहुधा ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात जाऊन पडते. तिला गावाचे नाव, गट क्रमांक व तारीख असे नाव लगेच द्यावे. नाही तर पुढे दहा फायली उघडून पाहण्याची पाळी येते. सामाईक खात्याचा उतारा अनेकदा एकाहून अधिक पानांचा असतो. म्हणून फाइल शेवटपर्यंत उघडून पाहावी.

पडद्याचा फोटो काढून तो छापण्यास पाठविण्याची रीत सर्रास दिसते. ती सोडावी. फोटोत अक्षरे फुटतात व पानाच्या कडा जातात. व्हॉट्सॲपने पाठविणे असेल, तर मूळ फाइलच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

छापताना कागद ए-४ आकाराचा निवडावा, पान कागदात पूर्ण बसेल अशी योजना करावी व छपाईचा नमुना आधी पडद्यावर पाहावा. रंगीत छपाईचा खर्च करण्याचे कारण नाही. खरी काळजी घ्यावयाची ती १६ अंकी पडताळणी क्रमांकाची. डिजिटल स्वाक्षरी ही मुळात फाइलमध्ये असते. कागदावर तिची केवळ खूण उमटते. छापील उतारा खरा की खोटा, हे बँकेचा कर्मचारी हा क्रमांक संकेतस्थळावर घालून पाहू शकतो. कडा कापल्या जाऊन तो क्रमांक गेला, किंवा शाई संपत आल्याने अंक पुसट उमटले, तर कागदाची पडताळणी करता येत नाही. दुकानातून निघण्यापूर्वी सोळाही अंक वाचता येतात की नाही, हे शेतकऱ्याने स्वतः पाहावे.

काम परक्या संगणकावर केले असल्यास खात्यातून बाहेर पडावे व तेथील फाइल पुसून टाकावी. भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी स्वतः घालावा; दूरध्वनीवरून कोणी विचारल्यास सांगू नये.

उताऱ्यावरील नोंदी तो काढला त्या दिवसाच्या असतात. खरेदी, वारस अथवा बोजा यांचा फेरफार मंजूर झाल्यावर जुनी फाइल कितीदा छापली तरी नवी नोंद तीत येत नाही. त्यासाठी १५ रुपये भरून नवाच उतारा घ्यावा लागतो.