नाशिक चालतं, पुणे अडतं

जुन्या पत्रांत मायन्याखाली ‘सा. न. वि. वि.’ एवढंच असायचं. वाचणारा मनातल्या मनात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असं अख्खं वाचून घ्यायचा. संगणकावरचा मॅक्रो हेच करतो: आपण थोडं लिहायचं, उरलेलं त्यानं भरायचं!

ऑर्ग मोडचंच बघा. साध्या मजकुरात लिहायची ही खूणभाषा २००३ साली कार्स्टन डॉमिनिक या नेदरलँड्समधल्या खगोलशास्त्रज्ञानं सुरू केली. फाइलीत एका ओळीवर मॅक्रोचं नाव आणि त्याचा मजकूर लिहून ठेवायचा. मग हवं तिथे ते नाव तीन-तीन महिरपी कंसांत टाकायचं. कार्यक्रमाचं सभागृह बदललं? ती एक ओळ बदला, तीस ठिकाणचं नाव बदलतं. मूळ फाइलीत कंस तसेच राहतात. पीडीएफ किंवा वेबपान काढताना त्यांच्या जागी मजकूर येतो.

मोजणीही फुकट! ‘एन’ नावाचा तयार मॅक्रो पहिल्यांदा १ देतो, पुढच्या वेळी २, मग ३. पाककृतीत मधेच एक पायरी घुसवली तरी आकडे चुकत नाहीत.

स्वल्पविरामाला मात्र जपा. मॅक्रोला ‘कांदा, बटाटा’ दिलंत तर तो त्या दोन वेगळ्या वस्तू समजतो, आणि एकच मागितली असेल तर बटाटा गायब! स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ दिली की दोन्ही सुखरूप पोचतात.

मॅक्रोची युक्ती ऑर्गहून बरीच जुनी. युनिक्ससाठी ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांनी १९७७ साली केलेला ‘एम४’ हा प्रोग्रॅम निव्वळ मॅक्रोंसाठीच होता. डोनाल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीतही मॅक्रो आहेत, एका मॅक्रोला जास्तीत जास्त नऊ गोष्टी पुरवता येतात.

खरी गंमत मराठीत. ऑर्गमध्ये मॅक्रोचं नाव रोमन अक्षरांतच लागतं, मजकूर खुशाल देवनागरीत. मॅक्रोत ‘नाशिक’ ठेवा आणि कंसांना चिकटून ‘ला’, ‘हून’, ‘चा’ लिहा, सगळं जुळतं. (‘नाशकात’ म्हणायचं असेल तर नाही.) ‘पुणे’ ठेवलंत की ‘पुणेला’, ‘पुणेहून’! मॅक्रो शब्द जसाच्या तसा ठेवतो, सामान्यरूप त्याला ठाऊक नाही. म्हणून दुसरा मॅक्रो ‘पुण्या’ असा करावा, म्हणजे ‘पुण्याला’, ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ बिनचूक येतं. नाशिकला एक ओळ पुरते. पुणे आणि सातारा यांना दोन-दोन द्या.