कर्णा, उखळी तोफ आणि पियानो

तुमचे आवडते लेखक कोण, असं कुणी विचारलं की मी आधी व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली ही आपली घरची नावं घेतो, आणि ऐकणारा जरा निवांत बसलेला दिसला की हळूच परदेशातल्या तीन म्हाताऱ्यांची ओळख करून देतो. हे तिघं एकमेकांपासून लांब राहिले, पण खोड एकच. मुक्या जिवाला ऐकू येतं का, हे त्यांनी त्या जिवालाच जाऊन विचारलं, आणि तेही अशा काही तऱ्हेनं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कपाळावर हात मारला असेल.

पहिला गिल्बर्ट व्हाइट. इंग्लंडातल्या सेलबोर्न गावचा हा पाद्री. गावच्या पाखरांबद्दल, पावसापाण्याबद्दल मित्रांना पत्रं लिहायचा आणि 1789 साली त्या पत्रांचंच पुस्तक झालं. त्याच्याकडं एक कासव होतं, टिमथी नावाचं, आत्याकडून वारशात आलेलं, आणि तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं की हा टिमथी मुळात बाई होता! पण आपण कासवाच्या मागं नको जायला, ते हळू चालतं. तर या पाद्रीबाबानं एक मोठा कर्णा घेतला, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ तोंड नेलं आणि मैलभर लांबच्या जहाजाला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. माश्या आपल्या कामात. रागावणं सोडा, एकीनंही मान वळवली नाही.

दुसरा माझा सगळ्यांत लाडका, झां आन्री फाब्र. फ्रान्समधला गरीब मास्तर, पोराबाळांचा बाप. किडे बघत बसायला आपल्या मालकीचा एक तुकडा असावा, एवढ्या एका हौसेपायी त्यानं जन्मभर पैपै राखली, आणि 1879 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सेरिन्यां गावाबाहेर धोंड्याकाट्यांचा, कुसळाचा माळ त्याला एकदाचा मिळाला. शेतकरी जिथं कुदळही मारणार नाही अशा त्या रानात हा माणूस भर उन्हात तासन् तास पालथा पडून राही. त्यातून किड्यांच्या आठवणींचे दहा खंड झाले. दारातल्या झाडांवर उन्हाळ्यात सिकाडा नावाचे किडे बसत. पोरपण सारं जमिनीखाली मुळांचा रस पीत काढायचं आणि शेवटचे थोडे आठवडे वर येऊन कान किटेस्तोवर कर्कशायचं, असा त्यांचा जन्म. फाब्र त्यांच्याखाली उभा राहून गप्पा मारी, टाळ्या पिटी, शीळ घाली, दगडावर दगड आपटी. फरक शून्य. तेव्हा त्यानं काय करावं? गावदेवाच्या सणाला बार काढायच्या दोन उखळी तोफा गावातून मागून आणल्या! तोफा ठासणाऱ्याला काय, आनंदच झाला, सणासारखी ठासून दारू भरली त्यानं. काचा फुटू नयेत म्हणून घराच्या खिडक्या उघडल्या, किड्यांचा आवाज नीट ऐकायला सहा माणसं झाडाखाली उभी केली, आणि धडाड्धूम! पुन्हा एकदा धडाड्धूम! वरच्या गवयांनी ताल सोडला नाही की सूर. फाब्रनं लिहून टाकलं की सिकाडा निदान फार जाड कानाचा, स्वतःचंच बोलणं न ऐकणारा.

इथं मला हसू येतं, कारण म्हातारा चुकला होता. सिकाडाला कान आहेत, आणि तेही पोटावर. पातळ पडद्याचे हे कान त्याच्या जातीच्या गाण्याच्या बारीक, उंच सुरांना लागलेले असतात; तोफेचा खर्ज त्यांच्या हिशेबातच नाही. आणखी गंमत म्हणजे नर स्वतः गात असतो तेव्हा तो आपले पडदे सैल सोडतो, नाहीतर आपल्याच गाण्यानं बहिरा व्हायचा. व्हाइटच्या माश्यांचंही तसंच: पोळ्यात नाचणाऱ्या माशीच्या पंखांनी लगतची हवा थरथरते, ती शेजारणींना मिशांच्या बुडाशी कळते. कर्ण्यातल्या आरोळीशी त्यांचं काय देणंघेणं? पण खरं सांगू, फाब्रचा निकाल चुकला तरी ते पान मी कधी गाळत नाही. काय केलं, कसं केलं, कोण कुठं उभं होतं, हे त्यानं इतकं सरळ मांडलंय की त्याची चूक आपल्याला त्याच्याच पानावर सापडते.

तिसरा काळानं फाब्रच्या तोफांआधीचा, पण मी शेवटाला राखलेला, चार्ल्स डार्विन. थोरली पुस्तकं लिहून झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर, या माणसानं अभ्यासाच्या खोलीत कुंड्यांतून गांडुळं पाळली. त्यांच्यापुढं पत्र्याची शिट्टी झाली, बासून नावाचं घोगरं वाद्य झालं, ओरडून झालं, पियानो मोठ्यानं वाजवून झाला, आणि गांडुळं ढिम्म. मग कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या. एक खालचा सूर दाबला मात्र, दोन्ही कुंड्यांतली गांडुळं सुळकन बिळात! कान नाहीत त्यांना, पण अंगभर स्पर्श आहे; लाकडातून मातीत उतरलेला कंप त्यांनी कातडीनं ओळखला. हे सारं त्याच्या 1881 च्या गांडुळांवरच्या पुस्तकात आहे. पुढच्याच वर्षी तो गेला. इंग्रजी जमत असेल तर सगळं पुस्तक नका घेऊ डोक्यावर, पहिलं प्रकरण तेवढं वाचा. पियानो तिथंच आहे.