सहा मूर्ती, पाच टोप्या

चित्रपुस्तकांच्या वेड्यांनो, आज जपानचं 'कासा जिझो'! जुनी लोककथा. शब्द तेइजी सेता यांचे, चित्रं सुएकिची आकाबांची. 1961 साली आलेलं हे आकाबांचं पहिलंच चित्रपुस्तक, वयाच्या पन्नाशीत! पुढे 1980 साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

वर्षाचा शेवटचा दिवस. घरात सणापुरताही तांदूळ नाही. म्हातारा गवती टोप्या विकायला जातो, एकही खपत नाही. परतताना बर्फात उभ्या जिझोच्या सहा दगडी मूर्ती दिसतात. जिझो म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. म्हातारा त्यांच्या डोक्यावरचा बर्फ झाडतो, टोप्या घालतो. पाचच पुरतात, मग सहाव्याला स्वतःची. (काही ठिकाणी डोक्याचं फडकं देतो.)

मला मात्र म्हातारी जास्त आवडते. रिकाम्या हातांनी आलेल्या नवऱ्याला ती बोल लावत नाही, उलट 'बरं केलंत' म्हणते. रात्री दाराशी धान्य येतं, पण त्याआधीच दोघं उपाशीपोटी समाधानात झोपलेली असतात. चित्रं शाईची, रंग मोजकेच. थंडी अंगावर येते.

मुलांना दाखवाच. फक्त वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका!