आफ्रिकेचे वासे आणि दुबईची मजलिस

दुबईच्या जुन्या वस्तीत, अल फहिदीला किंवा शिंदग्याला, एखाद्या घरात शिरलात तर आधी मान वर करून छत बघा. ओळीने टाकलेले गोल, काळपट वासे, त्यांवर खजुराच्या पात्यांच्या चटया आणि वर माती. सोलापूरकडचं माळवदच जणू! पण हे वासे त्या वाळवंटातले नव्हेत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, लामूच्या आणि रुफिजीच्या खाड्यांत वाढलेल्या खारफुटीचे हे वासे. आखातात त्यांना ‘चंदल’ म्हणतात. वासा साधारण तीन-साडेतीन मीटरांचा, म्हणून खोलीही तेवढीच रुंद. आफ्रिकेच्या चिखलातल्या झाडाने दुबईतल्या माणसाच्या घराचं माप ठरवलं! आणि ज्या गलबतांतून हा माल यायचा, त्यांच्या फळ्या मलबारच्या सागाच्या.

जिथे तुळईपासून तांदळापर्यंत सगळं समुद्रावरून येतं, तिथे व्यापारी नुसता दुकानदार कसा राहील? खाडीपलीकडच्या देरा वस्तीतले सावकार मोती मुंबईला पाठवत आणि परतीला धान्य, कापड, लाकूड आणत. चलन हिंदुस्थानी रुपया. आखातावर देखरेख करणारा ब्रिटिश रेसिडेंट बसे बुशहरला, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्याच हाताखाली होता. १९१२ च्या सुमारास देऱ्यात अल अहमदिया ही शाळा सुरू झाली, तीही अहमद बिन दलमूक या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने. गावाचा कारभार असा आधीपासूनच अर्धामुर्धा व्यापाऱ्यांच्या हातात होता.

मग १९२९ ची जागतिक मंदी आली, जपानचे संवर्धित मोती आले आणि धंदा बुडाला. नेमक्या त्याच काळात दुबईचे शासक शेख सईद यांच्याकडे नवा पैसा येऊ लागला. १९३७ मध्ये तेलकंपनीशी करार झाला, इंपीरियल एअरवेजची विमानं खाडीत उतरू लागली. व्यापारी आणि राजघराण्यातलेच काही नाराज चुलतभाऊ एकत्र आले. ऑक्टोबर १९३८ मध्ये शेखांना पंधरा जणांची मजलिस, म्हणजे सभा, मान्य करावी लागली. राज्याच्या उत्पन्नाचे आठ भाग करायचे, सात मजलिसने गावासाठी खर्चायचे आणि एक शेखांचा!

माझं मन रमतं ते पुढच्या काही महिन्यांत. या मंडळींनी जकातीचा कारभार हाती घेऊन नोकरांच्या पगाराच्या याद्या जाहीर केल्या. नगरपालिका, व्यापाऱ्यांचं मंडळ, पगारी पहारेकरी, नव्या शाळा... शिक्षणाचा कारभार मजलिसमधल्या मानी बिन राशिद यांच्याकडे होता. खाडी खोल करायचा बेतही झाला. ही काही सर्वसामान्यांनी मतं देऊन निवडलेली सभा नव्हती. मोत्यांसाठी बुड्या मारणारे कर्जबाजारी पाणबुडे तिच्यात कुठेच नव्हते, ही तिची मोठी उणीव. तरीही सार्वजनिक पैशाचा हिशेब गावासमोर मांडायचा, ही कल्पना त्या किनाऱ्यावर १९३८ साली अंमलात आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मार्च १९३९ मध्ये मजलिसने शेखांचा तनखा दहा हजार रुपयांवर आणला आणि ठिणगी पडली. २९ मार्चला युवराज राशिद यांचं लग्न होतं, तेही विरोधकांच्या देऱ्यात. वऱ्हाड म्हणून शेखांचे बेदुइन साथीदार खाडी ओलांडून आले, मोक्याच्या जागा धरून बसले आणि गोळीबार सुरू झाला. मजलिसचे काही जण मारले गेले, बाकीच्यांनी शारजा गाठलं. अवघ्या पाच-सव्वापाच महिन्यांत मजलिस संपली.

पण तिची कामं संपली नाहीत. पन्नाशीच्या दशकात दुबईला नगरपालिका मिळाली, तिच्या मंडळावर पुन्हा व्यापारी बसले. साठीच्या सुरुवातीला खाडीचा गाळ उपसून झाला आणि मोठी गलबतं थेट देऱ्याच्या धक्क्याला लागू लागली. ही कामं करवून घेणारा माणूस होता राशिद, ज्याच्या लग्नाच्या दिवशी मजलिस मोडली तोच.