गरम मिसळ स्टीलच्या ताटातच बरी

मार्केट यार्डात पहाटेपासून पोती वाहणारे आपले हमाल बांधव टपरीवर गरम मिसळ खातात, ती पुष्कळदा मेलामाइनच्या प्लेटमध्ये. हे मेलामाइन म्हणजे काय, असं भगिनी आम्हाला विचारतात.

कार्बनचे 3 आणि नायट्रोजनचे 3 अणू मिळून एक कडं, त्याला नायट्रोजनचे आणखी 3 अणू. वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच. फॉर्माल्डिहाइडशी त्याची साखळी जुळली की कडक प्लॅस्टिक होतं.

दुधातली प्रथिनं नायट्रोजन मोजून ठरवत. म्हणून चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. 2008 मध्ये हे उघड झालं, तोवर सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली. मूत्रपिंडात खडे झाले, 6 दगावली.

ताटातून इतकं उतरत नाही, घाबरू नका. पण गरम, आंबट पदार्थात थोडं उतरतं, चरे पडलेल्या जुन्या ताटातून अधिक. म्हणून चहा, आमटी, मिसळ स्टीलमध्येच घ्या. मेलामाइन मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. कोरड्या, गार खाऊला ते चालेल.

विहारातल्या भोजनदानालाही आपण स्टीलची ताटं ठेवू. घासायचं काम सगळे मिळून करू.