सोंगटीवरची जकात

कुरियरवाल्याने टेप काढली, कॅरम बोर्डाची लांबी-रुंदी मोजली, पॅकिंगची जाडी धरली आणि मोबाइलवर हिशेब केला. 95 गुणिले 95 गुणिले 10, भागिले 5000. "18 किलो धरू," तो म्हणाला. बोर्ड प्रत्यक्षात एवढा जड नव्हता, पण विमानात वजनासारखी जागाही विकली जाते आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. मग त्याने हळूच सांगितलं, "दादा, तिकडे उतरल्यावर ड्यूटी लागेल ती वेगळी. 50 टक्के. घेणाऱ्याने भरायची."

घेणारा म्हणजे माझा भाचा. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी, परळच्या आमच्या चाळीत कॅरम शिकला. गॅलरीत बोर्ड मांडायचा, वरून शंकूच्या आकाराचं झाकण घातलेला बल्ब इतका खाली सोडायचा की उजेड फक्त बोर्डावर पडावा, आणि चौघांनी बसायचं. बाकीचे आठ-दहा जण पाठीशी उभे राहून सल्ले देत. त्याने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "मामा, इथला बोर्ड चालत नाही. स्ट्रायकर मध्येच मरतो." दिवाळीच्या फराळाबरोबर बोर्ड पाठवावा, असं मी ठरवलं. चकल्या-लाडवांसाठी दादर-गिरगावातून दरवर्षी डबे अमेरिकेला जातातच.

पण 2025 मध्ये टपालाचा रस्ता बंद होता. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत जी शुल्कमाफी होती, ती 29 ऑगस्टपासून उठली. शुल्क कोणी, कुठे, कसं गोळा करायचं याची व्यवस्था विमान कंपन्यांकडेही नव्हती. म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. सुरुवातीला पत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालत होत्या. आठवडाभरात तेही थांबलं. भारतीय मालावर 7 ऑगस्टला 25 टक्के शुल्क लागू झालं होतंच. रशियन तेलाच्या खरेदीचं कारण देऊन 27 तारखेपासून आणखी 25 चढवलं. त्याच वेळी चिनी बनावटीच्या पटावरच्या खेळांवर अमेरिकेत साधारण 30 टक्के शुल्क होतं. म्हणजे आपला कॅरम चिनी खेळापेक्षा महाग ठरवला गेला. हे आकडे मांडल्यावर मला राहवेना, आणि मी या खेळांच्या धंद्याच्या मागे लागलो.

अमेरिकेतला बोर्डगेमचा धंदा आपल्या पुस्तकांच्या धंद्यासारखा आहे. खेळ रचणारा लेखकाच्या जागी, कंपनी प्रकाशकाच्या जागी. छापखाना मात्र हजारो मैल दूर. एका खोक्यात काय काय असतं पाहा: जाड पुठ्ठ्याचा घडीचा पट, ठोकून काढलेल्या चकत्या, दीड-दोनशे पत्ते, फासे, लाकडी आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या, माहितीपुस्तिका आणि हे सगळं ज्यात बसतं तो साचा. शेन्झेन आणि शांघायच्या परिसरात हे एका छपराखाली किंवा हाकेच्या अंतरावर तयार होतं, मोजून भरलं जातं आणि सीलबंद होऊन बंदरावर जातं. जर्मनीत असे कारखाने आहेत, अमेरिकेत फार थोडे. प्लॅस्टिकच्या एका बाहुलीसाठी पोलादाचा साचा कोरावा लागतो. तो कोरणारे हात आणि ती यंत्रं एका अधिसूचनेने दुसऱ्या देशात उगवत नाहीत.

एप्रिल 2025 मध्ये चिनी मालावरचं अमेरिकी शुल्क चढत चढत 145 टक्क्यांवर गेलं. सेंट लुइसच्या स्टोनमायर गेम्सचे जेमी स्टेगमायर यांनी तेव्हा साधं गणित मांडलं: 10 डॉलरला तयार होणाऱ्या खेळावर साडेचौदा डॉलर कर. याच कंपनीने एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा पक्ष्यांवरचा 'विंगस्पॅन' काढला. स्टेगमायर यांच्या अंदाजाप्रमाणे त्यांना भरावी लागणारी रक्कम 15 लाख डॉलरच्या घरात जात होती. त्यांनी इतर काही छोट्या व्यावसायिकांबरोबर सरकारवर दावा लावला. त्याच महिन्यात ग्रेटर दॅन गेम्स या प्रकाशनसंस्थेने बहुतेक कामगारांना घरी पाठवलं. मेच्या मध्यात शुल्क 30 वर उतरलं, पण तोवर कित्येकांनी ऑर्डरी थांबवल्या होत्या.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. शुल्क चीन भरत नाही, कारखानाही भरत नाही. जहाज बंदराला लागलं की आयात करणारा भरतो, आणि तो माल सोडवून घेतानाच भरतो. यातले बरेच खेळ किकस्टार्टरसारख्या लोकवर्गणीतून निघतात. गिऱ्हाईकाने पैसे दीड-दोन वर्षं आधी दिलेले असतात, किंमत ठरून गेलेली असते. मधल्या काळात लागलेला कर कोणाकडे मागायचा? छोटा प्रकाशक तो आपल्या खिशातून भरतो, नाही तर माल बंदरातच सोडून देतो. आपल्याकडेही लोकवर्गणीचा हा मार्ग माहीत झाला आहे: मेमेसिस कल्चर लॅबमधून आलेला झेन मेमन यांचा 'शासन' हा निवडणुकीच्या राजकारणावरचा खेळ 2019 मध्ये किकस्टार्टरवरूनच जगभर गेला.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला शुल्क म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. 1896 साली हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क ठेवलं गेलं, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना त्रास होऊ नये म्हणून तेवढाच, साडेतीन टक्केच, उत्पादनकर इथल्या गिरण्यांच्या कापडावर बसवला गेला. लालबाग-परळच्या मागांवर निघालेल्या प्रत्येक ताग्यावर हा कर होता. तो उठायला 1925 चा डिसेंबर उजाडला. एका देशाच्या कारखान्यासाठी दुसऱ्या देशाच्या कामगाराचा घास कसा मोजला जातो, याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही. आणि त्यानंतरची गोष्टही इथलीच: 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि जॉबर, फिटर, साचेवाले गावी किंवा वॉचमनच्या खुर्चीवर गेले. कोणी उद्या कितीही शुल्क लावून गिरणी परत आणू म्हटलं, तर ते हात कुठून आणणार? अमेरिकेत आज पुठ्ठ्याच्या खेळांबाबत हाच प्रश्न उभा आहे.

आपल्याकडेही शुल्काची भिंत आहे. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या प्रत्येक खेळण्यावर आयएसआय खूण सक्तीची झाली. सरकारी आकडे सांगतात की 2014-15 मध्ये सुमारे 33 कोटी डॉलरची खेळणी आयात होत होती, 2022-23 मध्ये ती 16 कोटींच्या आत आली. निर्यात 10 कोटींच्या आतून 32 कोटींवर गेली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर खोक्यांवरची नावं बदललेली दिसतात. हे यश मी खरं मानतो. पण आयएसआयसाठी चाचणीची व्यवस्था, कागदपत्रं आणि फी लागते; दोन खोल्यांत लाकडी खेळ करणाऱ्याला ते जड जातं. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तू यांना सरकारने सूट दिली, हे चांगलं केलं.

गंमत वाटेल, पण कॅरमवर हे 70 टक्के लागत नाहीत. सीमाशुल्काच्या सूचीत 9503 म्हणजे खेळणी आणि 9504 म्हणजे खेळ. बाहुली पहिल्या घरात, पत्ते आणि पट दुसऱ्या घरात. आपल्या देशाच्या सूचीत कॅरम बोर्डाला स्वतःची ओळ आहे, सोंगट्या-स्ट्रायकरसह किंवा त्यांशिवाय. ती ओळ वाचून मला बरं वाटलं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून कॅरम, बुद्धिबळ, लुडो, पत्ते यांच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. दिवाळीच्या तोंडावर त्याची कोणी फारशी बातमी केली नाही.

कराने खेळाच्या अंगावर कायमचा वण उठवल्याचं उदाहरण आपण रोज हातात धरतो. पत्त्यांच्या कॅटमध्ये इस्पिकचा एक्का इतर एक्क्यांपेक्षा मोठा आणि नक्षीदार का? इंग्लंडमध्ये 1711 पासून पत्त्यांवर जादा कर बसला आणि कर भरल्याची खूण पुढे इस्पिकच्या एक्क्यावर येऊ लागली. त्या एक्क्याची नक्कल छापणं म्हणजे सरकारी शिक्का खोटा करणं. 1805 मध्ये रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला त्यासाठी फाशी झाली. कर 1960 मध्ये उठला, नक्षी राहिली. लालबागच्या गणपतीत रात्री जागरणाला मेंढीकोट खेळणारी पोरं जो एक्का आपटतात, त्याच्यावर अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या जकातीचा ठसा आहे.

याच छापील पत्त्यांनी आपला गंजिफा मागे सारला. सावंतवाडीचे चितारी गोल पत्ते हाताने रंगवत. दशावतारी गंजिफ्यात 10 अवतारांचे 10 रंग आणि प्रत्येकात 12, असे 120 पत्ते. यंत्राच्या छपाईपुढे हाताच्या कुंचल्याचा टिकाव लागला नाही. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही कला परत उभी केली नसती, तर आज 120 पत्त्यांचा पूर्ण संच संग्रहालयातच पाहावा लागला असता. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही गंजिफा आज बहुतेक घरांत काचेच्या मागे असतो, आणि मला त्याचंच दुःख आहे. खेळणारे उरले नाहीत की खेळाची वस्तू शोभेची होते.

कॅरम तसा झाला नाही, कारण तो गॅलरीत, मंडळात, जिमखान्यात खेळला गेला. शिवाजी पार्क जिमखान्याच्या स्पर्धांत चाळीतली पोरं आणि बँकेतले साहेब एकाच बोर्डावर बसतात. रिझर्व्ह बँकेतले प्रशांत मोरे आणि पुण्याचे योगेश परदेशी जगज्जेते झाले ते याच मातीत. म्हणून या वस्तूचे नियम आपल्या लोकांना तोंडपाठ आहेत: खेळाचा पृष्ठभाग 74 सेंटीमीटर चौरस, प्लाय कमीत कमी 8 मिलिमीटर जाड, पॉकेटचा व्यास 4.45 सेंटीमीटर. स्ट्रायकर 15 ग्रॅमहून जड नको. सोंगटी साडेपाच ग्रॅमपर्यंत.

चांगला बोर्ड ओळखायची माझी पद्धत वडिलांकडून आलेली. पावडर टाकायची नाही. तळहात उपडा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवायचा. कुठे फुगवटा असेल तर हाताला कळतो, डोळ्याला नाही. मग स्ट्रायकर चारही कडांवर एकाच जोराने मारून पाहायचा. बोर्ड चांगला असेल तर तो चारही बाजूंनी सारखाच परत येतो आणि आवाजही सारखाच येतो, कोरडा, टणक. एका कडेचा आवाज जरी बोदा आला, तरी तिथली चौकट नीट बसलेली नाही. दादरच्या दुकानात मी पाच बोर्ड असे तपासले आणि सहावा घेतला. वरच्या पृष्ठभागासाठी बर्चचं प्लाय, चौकट कठीण लाकडाची. हे बर्च आपल्या रानातलं नाही. तेही बाहेरून येतं. आपला सगळ्यात आपला वाटणारा खेळसुद्धा अंगावर परदेशी लाकूड वागवतो.

भाच्याकडचा बोर्ड का चालत नाही, तेही शोधलं. त्याच्या घरी 28 इंची, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खेळांचे पट छापलेला अमेरिकन बोर्ड होता. मिशिगनमधल्या लडिंग्टन गावच्या हेन्री हॅस्केल यांनी 1890 च्या दशकात तो काढला. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारे हे गृहस्थ. मुलांनी पूल खेळायला गुत्त्यांकडे जाऊ नये, ही त्यांची कळकळ. त्या बोर्डाच्या कोपऱ्यात जाळीच्या पिशव्या आणि सोंगट्यांना मधे भोक. नावही जवळपास तेच, कळकळही आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यासारखीच, पण आपला स्ट्रायकर त्यावर घसरत नाही.

18 किलोंचं भाडं आणि 50 टक्के शुल्क मिळून बोर्डाच्या किमतीच्या कित्येक पट होत होते. मी बोर्ड घरी परत आणला. समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी शिकायला पेनसिल्व्हेनियाला निघाली होती. तिच्या बॅगेत मेतकूट आणि गोडा मसाला यांच्या मधे एक जुना मोजा ठेवला. त्यात 9 काळ्या, 9 पांढऱ्या, राणी आणि माझ्या वडिलांचा स्ट्रायकर.

मग भाच्याला फोन केला. त्याच्या घराजवळच्या लाकडाच्या दुकानात बर्च प्लाय मिळतं, असं तो म्हणाला. मी वही उघडून एकेक माप सांगत गेलो: 74, चौकटीची रुंदी साडेसहा ते साडेसात, उंची 2 ते अडीच, पॉकेट 4.45. तो तिकडे लिहून घेत होता. मधेच थांबून त्याने विचारलं, "मामा, तो बल्ब किती खाली सोडायचा?"